न आलेली वादळं

माहीमच्या एका चार मजली सोसायटीच्या सचिवांचा प्रश्न आहे. २०१९ पासून ‘वायू’, ‘निसर्ग’, ‘तौक्ते’, ‘बिपरजॉय’ अशा प्रत्येक वादळाच्या वेळी त्यांनी नोटीस लावली, गच्ची रिकामी करायला सांगितली, गुलमोहराखालच्या गाड्या हलवायला लावल्या. एकही वादळ मुंबईवर धडकलं नाही. गेल्या सर्वसाधारण सभेत एका सभासदाने याला ‘सचिवांचा वार्षिक वादळ महोत्सव’ म्हटलं आणि सगळे हसले. त्यांचं विचारणं असं: पुढच्या इशाऱ्याला उठायचं की नाही? आणि उठायचं तर नेमकं काय करायचं?

मी आपत्कालीन नियंत्रण कक्षात बरीच वर्षं काढली. आता सोसायट्या, शाळा आणि कोळीवाड्यांत प्रशिक्षण देतो. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. दर मे महिन्यात कुणी ना कुणी विचारतंच. सभासदांचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि तिथेच अडचण आहे, कारण साफ खोटं असतं तर एका वाक्यात खोडता आलं असतं.

यादीतली वादळं मुंबईवर आली नाहीत, हे बरोबर. पण त्या वादळांच्या दिवसांत मुंबईत काय झालं ते पाहा. १२ जून २०१९ ला ‘वायू’ खूप लांबून, गुजरातच्या रोखाने वर सरकत होतं. पुढे ते गुजरातलाही न धडकता समुद्रात वळलं. त्या दिवशी चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवरचे पत्रे जोरदार वाऱ्याने सुटून खाली पडले आणि रस्त्याने जाणारा एक माणूस गेला. १२ जून २०२३ ला ‘बिपरजॉय’ तर शेकडो किलोमीटर दूर होतं. तीन दिवसांनी ते कच्छमध्ये जखाऊजवळ जमिनीवर गेलं. जुहूला त्या संध्याकाळी पाच मुलं पाण्यात उतरली, त्यातली चार बुडाली. मुंबईत वारा बेताचा होता, पाऊसही नव्हता म्हणावा इतका. लाटा मात्र वादळाच्या होत्या.

आणि ‘तौक्ते’. १७ मे २०२१ ला ते मुंबईच्या पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटरवरून उत्तरेकडे गेलं आणि रात्री दीव-उन्याच्या किनाऱ्याला लागलं. म्हणजे हेही ‘आलं नाही’. कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर गेले, सांताक्रूझला २४ तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला, तोही मे महिन्यात. विमानतळ कित्येक तास बंद होता, सी लिंक बंद होता, झाडं तर हजारांनी पडली. मुंबईपासून सुमारे ७० किलोमीटरवर पी-३०५ हा समुद्रातल्या तेलक्षेत्रातल्या कामगारांचा राहण्याचा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसं होती, त्यातली सत्तरहून अधिक गेली. वादळाचे इशारे काही दिवस आधीपासून निघत होते. तराफा बंदरात न येता तेलक्षेत्राजवळच नांगर टाकून राहिला, नांगर तुटले, तो वाहवत जाऊन समुद्रात उभारलेल्या एका निर्मनुष्य तेल-फलाटावर आदळला.

म्हणून सभासदांना सांगायचं ते हे की ‘मुंबईला धडकणार का?’ हा प्रश्नच कामाचा नाही. ‘आपल्या आवारात वारा किती, पाऊस किती, समुद्र कसा?’ एवढंच विचारायचं. वादळाचा केंद्रबिंदू गुजरातला जातो, पण त्याचा घेर काही शे किलोमीटरचा असतो. टीव्हीवर फिरणारा लाल गोळा म्हणजे फक्त मधला बिंदू.

‘निसर्ग’चं मात्र वेगळं बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त थट्टा त्याचीच झाली आणि सगळ्यात जास्त शिकण्यासारखंही त्यातच आहे. ३ जून २०२० ला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. मुंबईत झाडं पडली, पत्रे उडाले आणि संध्याकाळी लोक म्हणाले, उगाच घाबरवलं. तिकडे श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, खाली दापोली-मंडणगडपर्यंत घरांची छपरं गेली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. पोफळ पुन्हा लावून सुपारी हातात यायला किती वर्षं लागतात, ते तिथल्या माणसाला विचारा. मुंबईत बसून ‘काहीच झालं नाही’ म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची गावची घरं त्याच पट्ट्यात होती, ही आणखी एक गंमत.

आता हे थोडं समजून घ्या, कारण माहीमसाठी हेच महत्त्वाचं आहे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. केंद्र मुंबईच्या दक्षिणेला जमिनीवर आलं, की मुंबईत वारा पूर्वेकडून, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पाणी बाहेर ढकललं जातं. ‘निसर्ग’च्या वेळी आपण त्या बाजूला होतो. तेच केंद्र वसई-पालघरकडे आलं असतं, तर वारा पश्चिमेकडून, समुद्र अंगावर घेऊन आला असता आणि माहीमची खाडी, वरळी, दादर चौपाटी, वर्सोवा या सगळ्या पश्चिमेला तोंड केलेल्या किनाऱ्यांवर पाणी चढलं असतं. श्रीवर्धन ते पालघर हे अंतर नकाशावर वीतभरही नाही. हवामान खात्याचा २४ तास आधीचा मार्गाचा अंदाज आता बराच सुधारला आहे, तरी त्यात सरासरी सत्तर-ऐंशी किलोमीटरचा फरक राहतोच. म्हणजे आदल्या दिवशी मुंबईला सावध करणं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी ते वादळ खाली सरकलं म्हणून आदल्या दिवशीचा निर्णय चुकीचा ठरत नाही. इशारा पारखायचा तो त्या वेळी जे माहीत होतं त्यावरून. नंतर काय घडलं ते धरून त्याला गुण द्यायला गेलं, तर जगातलं कुठलंच हवामान खातं पास होणार नाही.

यात भरतीची वेळ धरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं. वादळाने पाणी आणखी मीटरभर उचललं आणि ते ओहोटीला आलं, तर कुणाला कळणारही नाही. तेच उधाणाच्या भरतीला आलं आणि वर पाऊस असला, तर पर्जन्यजलवाहिन्यांची तोंडं पाण्याखाली जातात आणि गल्लीतलं पाणी उतरायला जागा राहत नाही. म्हणून इशाऱ्याशेजारी त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक ठेवायचं. माहीम कोळीवाड्यात कुणालाही विचारा, तोंडपाठ असतं.

इशारा वाचायचा कसा? हवामान खातं चार पायऱ्यांनी जातं. साधारण ७२ तास आधी नुसती पूर्वसूचना. किमान ४८ तास आधी पिवळा सतर्कतेचा इशारा. किमान २४ तास आधी नारिंगी, म्हणजे वादळाचा इशारा. किमान १२ तास आधी लाल, ज्यात जमिनीवर आल्यानंतर कुठे काय होईल तेही असतं. चक्रीवादळ तयार झालं की दर तीन तासांनी नवं बातमीपत्र निघतं. याशिवाय जिल्ह्यांचे रोजचे पिवळे-नारिंगी-लाल इशारे वेगळे असतात, त्यांची गल्लत होते. ते मुख्यतः पावसाचे असतात: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. आणि ‘अतिवृष्टी’ हा शब्द टीव्हीवाले सैलपणे वापरतात. खात्याच्या भाषेत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार पाऊस, ११५.६ पासून अति जोरदार, आणि २०४.४ च्या वर गेला की अत्यंत जोरदार.

सचिवांनी मात्र बातमीपत्राची पहिली ओळ वाचून थांबू नये. पहिल्या ओळीत वादळ कुठे आहे आणि कुठे जाणार ते असतं. आपली ओळ खाली असते: उत्तर महाराष्ट्र किनाऱ्यालगत वाऱ्याचा वेग अमुक, झोत तमुकपर्यंत, समुद्र खवळलेला, मच्छीमारांनी जाऊ नये. ‘वायू’ आणि ‘बिपरजॉय’च्या वेळी मुंबईचं सगळं या खालच्या ओळींतच होतं. सलग वारा आणि झोत हेही वेगळे बघा. पत्रा उडतो तो झोताने. आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ५० ला नुसता खडखडणारा पत्रा ताशी १०० ला खिळ्यासकट जातो.

माझा स्वतःचा हिशोब असा आहे. झोत ताशी ५०-६० लिहिले असतील, तर गच्ची आणि खिडक्यांचं काम करायचं. ताशी ८० च्या पुढे असतील, तर झाडाखालच्या गाड्या, परांच्या (बांधकामाची मचाणं), लिफ्ट, वृद्ध माणसं अशी पूर्ण यादी. हवामान खात्याच्या नुकसानीच्या तक्त्यातही ताशी ६२ च्या पुढे फांद्या मोडणं आणि ८८ च्या पुढे झाडं मुळासकट पडणं असंच धरलेलं आहे. मुंबईतल्या झाडांना मी त्यापेक्षा थोडं कमीच धरतो, कारण बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेलं, एका बाजूची मुळं गटारासाठी तोडलेली. गुलमोहर आणि सोनमोहर तर आधीच ठिसूळ.

म्हणजे तुमच्या ‘महोत्सवा’त एक सुधारणा लगेच करता येईल. प्रत्येक वादळाला सगळं करू नका. सभासद कंटाळले ते इशाऱ्याला नव्हे, दर वेळी त्याच मापाच्या धावपळीला. लहान इशाऱ्याला लहान काम, मोठ्याला मोठं. नोटिशीत ‘चक्रीवादळाचा धोका, सहकार्य करावे’ असं मोघम लिहू नका. ‘उद्या सकाळी ११ ते रात्री ८, झोत ताशी ७० पर्यंत, वाऱ्याची दिशा दक्षिणेकडून, भरती अमुक वाजता’ एवढं लिहा आणि खाली कुणी काय करायचं ते. माणसं आकड्याला आणि वेळेला मान देतात.

आता कामं. यात मी गच्चीवर जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण मुंबईत वाऱ्याने होणाऱ्या अपघातांचं मूळ बऱ्याचदा वरून पडणाऱ्या वस्तूत असतं आणि त्यातल्या पुष्कळ वस्तू माणसाने हाताने वर ठेवलेल्या असतात.

पावसाळी शेडचे पत्रे जे-हुकने, म्हणजे इंग्रजी ‘जे’सारख्या लोखंडी आकड्यांनी, धरलेले असतात. खाऱ्या हवेत ते हुक दोन-तीन पावसाळ्यांत गंजतात आणि खालून दिसत नाही. ते मे उजाडायच्या आत तपासायचे. इशारा आल्यावर पत्र्यावर माणूस चढवायचा नाही. ताडपत्री असेल तर काढून घडी करा. विटा ठेवून दाबलेली ताडपत्री विटांसकट खाली येते. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाक्या रिकाम्या असतील तर भरून ठेवा, झाकणं बांधा. मोडक्या खुर्च्या, जुनी दारं, कुणाच्या तरी लग्नातले फलक, डिश अँटेनाच्या बंद पडलेल्या छत्र्या हे सगळं ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून ठेवलेलं असतं, ते खाली आणा. खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंड्या घरात. एसीची बाहेरची पेटी ज्या अँगलवर बसलेली असते तो अँगल आणि भिंतीतले बोल्ट दर वर्षी बघून घ्यावेत, हे मी सांगतो आणि फार थोडे लोक ऐकतात.

तुमच्या शेजारी पुनर्विकासाचं काम चालू असेल, तर तो सगळ्यात मोठा धोका. परांचीवर लावलेली हिरवी जाळी वारा शिडासारखी धरते आणि पूर्ण परांची ओढते. ठेकेदाराला लेखी कळवा: जाळी सोडवा, वरच्या फळ्या आणि सुटं सामान उतरवा, परांचीचे भिंतीतले बांध तपासा. उंच क्रेन असेल, तर काम थांबवल्यावर तिचा हात वाऱ्याच्या दिशेने मोकळा फिरू दिला पाहिजे. बांधून ठेवला तर पूर्ण क्रेनवर जोर येतो. चालकांना हे माहीत असतं, पण सुट्टीच्या दिवशी जागेवर नुसता रखवालदार असतो. म्हणून कळवायचं ४८ तास आधी, शुक्रवारी संध्याकाळी नव्हे. उत्तर आलं नाही, तर १९१६ वर महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाला सांगा.

होर्डिंगबद्दल वेगळं सांगायला नको. १३ मे २०२४ ला घाटकोपरला कुठलंही चक्रीवादळ नव्हतं. दुपारचं धुळीचं वादळ, पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळलं आणि १७ जण गेले. चक्रीवादळाला तीन दिवसांची सूचना तरी मिळते. अशा वळवाच्या वाऱ्याला हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा अंदाज, एवढीच. तो मोबाइलवर येतो, लोक न वाचता सरकवून टाकतात. वारा सुटल्यावर होर्डिंग, झाड, पत्र्याची शेड यांच्या आडोशाला थांबू नका. भिजलेलं परवडतं.

तळमजल्याकडे या. मीटर रूम खाली असेल आणि आवारात पाणी साचत असेल, तर पाणी किती चढल्यावर वीज बंद करायची ते आधी ठरवा आणि भिंतीवर रंगाने रेघ मारून ठेवा. पाण्यात उभं राहून मुख्य स्विचला हात लावायचा नाही. वीज कंपनीला बंद करायला सांगायचं. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद ठेवा, कारण खड्ड्यात पाणी शिरतं. वीज गेली की पंप गेला, पंप गेला की वरची टाकी तासा-दोन तासांत रिकामी, म्हणून पाणी आदल्या रात्रीच भरा. ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेली माणसं, डायलिसिसची तारीख असलेली माणसं कोण आहेत याची यादी सचिवांकडे हवी. २०२१ मध्ये ‘तौक्ते’च्या आधी महापालिकेने तंबूंसारख्या करोना केंद्रांतले शेकडो रुग्ण आदल्या रात्रीपर्यंत पक्क्या इमारतींत हलवले होते. त्या वेळी काही जणांना ती उगाच धावपळ वाटली. दुसऱ्या दिवशीचा वारा ज्यांनी ऐकला, त्यांना तसं वाटलं नाही.

माहीमला आहात म्हणून कोळीवाड्याचं सांगतो. तिथे इशारा बावट्याने, म्हणजे बंदरावर लागणाऱ्या धोक्याच्या क्रमांकाच्या खुणेने, मोजतात. तीन नंबरचा बावटा लागला की तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, नेमकं ओळखतो, पण होडी त्या वेळी कुठे आहे यावर सगळं अवलंबून. लांब गेलेल्या होडीला परत यायला अर्धा दिवसही लागू शकतो, तोही समुद्र अजून शांत असताना. तिला १२ तास आधीचा इशारा काय कामाचा? तिला ४८ तासांचाच हवा, म्हणजे आभाळ स्वच्छ असताना, मासळी चांगली लागत असताना परत फिरायचं. डिझेल आणि बर्फाचा खर्च अंगावर घेऊन. समुद्रातल्या माणसाची ही किंमत जमिनीवरच्या कुणी हसण्यावारी नेऊ नये. एरवी जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर असतात. ‘तौक्ते’ मेमध्ये आलं, आणि २००९ चं ‘फयान’ ऐन नोव्हेंबरच्या हंगामात. ते अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागलं. अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः याच दोन वेळांना होतात, पावसाळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे. ऑक्टोबर उजाडला की सोसायट्या पावसाळी शेड विसरतात, हे म्हणून धोक्याचं.

भीती पसरवणाऱ्या मजकुरांबद्दल थोडं. १८८२ च्या वादळात मुंबईत एक लाख माणसं गेली, असा मजकूर प्रत्येक वादळात फिरतो. संशोधकांनी त्या काळच्या नोंदी तपासल्या; तसं वादळ झालंच नव्हतं. नोव्हेंबर १९४८ चं वादळ खरं होतं, मुंबईला त्याचा मोठा तडाखा बसला होता, पण ते कुणी पुढे पाठवत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर नियम करा: हवामान खात्याचं बातमीपत्र, महापालिकेची सूचना किंवा ‘सचेत’ या सरकारी आपत्ती-इशारा ॲपवरचा इशारा एवढंच टाकायचं, तेही फक्त सचिवांनी. खोट्या लाटांचे व्हिडिओ टाकणारा सभासद त्या दिवशी थट्टा करणाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

वादळ चालू असताना मध्येच वारा एकदम पडला, तर बाहेर पडू नका. कधी तो वादळाचा डोळा असतो आणि पलीकडची बाजू उलट दिशेचा वारा घेऊन येते. मरीन ड्राइव्हला, वरळीला, बँडस्टँडला लाटा बघायला जायचं नाही, मुलांना तर नाहीच. दुसऱ्या दिवशी तुटलेल्या तारा आणि अर्धवट कललेली झाडं यांच्यापासून लांब राहा. वारा थांबल्यावर, माती भिजून मऊ झाल्यावरही झाडं पडतात.

खिडकीच्या काचांवर चिकटपट्टी फुलीसारखी लावावी का, असंही सचिवांनी विचारलं आहे. लावू नका, काच त्याने फुटायची थांबत नाही. तेवढ्या वेळात खिडकीच्या कड्या तपासा आणि पलंग काचेपासून दूर सरकवा.

राहता राहिला गुलमोहर. खाजगी आवारातल्या झाडाच्या छाटणीची जबाबदारी आणि खर्च सोसायटीचा, पण परवानगी महापालिकेची लागते. १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली परस्पर फांदी तोडली तर कारवाई होऊ शकते. अर्ज वॉर्डच्या उद्यान विभागात द्यायचा. पाहणी होते, शुल्क भरावं लागतं, मग माणसं मिळायला वेळ जातो, आणि मे महिन्यात अख्ख्या वॉर्डाला एकदमच छाटणीची आठवण होते. अर्ज जानेवारीत टाका. बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडून हातभर माती मोकळी करायचं मात्र या आठवड्यातही होईल.